कुरुवीच्या यादीत नसलेलं काम

२७ जानेवारी

ही वही कागदाची आहे, कारण कागदाला नेट नसतं. पंधरा वर्षं मी लोकांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर सांभाळतोय, त्यामुळे मनातलं कुठे लिहू नये हे मला पक्कं ठाऊक आहे. वही प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार. माझ्या माडीवरच्या खोलीत बायको तंकम झाडू मारायलासुद्धा येत नाही. मीच येऊ देत नाही.

सकाळी हमीदिक्का आले ते जिन्यावरूनच ओरडत. "दिवाकरा, यंदा तरी कामांची यादी लावतोयस की कुरुवीला मूठमाती द्यायची?"

कुरुवी हे आमचं लेकरू, त्यांचं आणि माझं. ते छापखान्यातले, मी टेलिफोन एक्स्चेंजमधला, दोघांनी मिळून हौसेने लिहायला घेतलं तेव्हा अंगणात चिमण्या यायच्या, म्हणून हे नाव. आता चिमण्या नाहीत, पण कोळिक्कोडातले चारशे स्वयंसेवक कुरुवीवरच एकमेकांशी बोलतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणारी ही माणसं. कोणाला कसलं दुखणं, कोणाच्या घरात काय चाललंय, सगळं कुलपात. कुठली कंपनी वाचत नाही, मीही वाचत नाही. कोण कुठून बोलतो याच्या नोंदी सर्व्हरवर पडतात, त्याही कधी उघडणार नाही असा मी चारशे लोकांना शब्द दिलाय.

पण सप्टेंबरपासून नव्या फोनवर कुरुवी उघडणारच नाही. आतून सगळं नव्याने लिहायला हवं, आणि माझी कंबर तासभरसुद्धा खुर्चीत टिकत नाही. हमीदिक्कांना डोळ्यांनी दगा दिलाय. उन्हाळ्यात माणूस मिळाला नाही तर कुरुवी संपली.

माणूस मिळायची एकच वाट आहे. एक परदेशी संस्था दरवर्षी आमच्यासारख्या फुकट वाटपवाल्यांना शिकाऊ उमेदवार देते. आपण कामांची यादी लावायची, उमेदवारांनी आधी एखादी बारीक चूक दुरुस्त करून दाखवायची, मग अर्ज करायचा. पसंत पडला तर तीन महिने आपल्या हाताखाली. विद्यार्थीच हवा असंही आता राहिलं नाही, नवखा असला की झालं.

"परक्याच्या हातात घराची किल्ली द्यायची?" मी म्हणालो.

"मग काय, कुरुवीला कवटाळून चितेवर चढणार आहेस?"

या माणसाला बोलताना काही धरबंद नाही.

३० जानेवारी

यादी लावली. सात कामं. पहिलं अर्थातच नव्या फोनचं. बाकीची कुलपं मजबूत करायची, फोटो लवकर जायचे, जुने निरोप शोधायचे, वगैरे.

जेवताना तंकमने विचारलं, "एट्टा, यादीत काय काय घातलंत?"

"तुला काय करायचंय त्यातलं?"

"सहज विचारलं. मला एक सुचत होतं. ग्रुपमध्ये कसं होतं ना, की एखादा निरोप आला…"

"मत्ती करपतेय बघ," मी म्हणालो. खरोखरच तव्यावरचे मासे करपत होते. ती उठली आणि मग विषय राहिला.

तंकम गणिताची शिक्षिका होती, गेल्या मे महिन्यात निवृत्त झाली. शाळेतली कॉम्प्युटरची खोलीही तिच्याकडेच होती, पण ते आपलं दहावीच्या पुस्तकापुरतं. हल्ली अधूनमधून दुपारी वाचनालयात, रुग्णांकडे जाणाऱ्या महिलांच्या बैठकीला जाते. बरंच आहे, घर शांत असतं.

मागच्या वर्षी याच सुमारास सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला होता. नेमकी त्याच दिवशी तंकमच्या गाठीची तपासणी निघाली. काही निघालं नाही, देवाची कृपा. सर्व्हर मात्र एका दमात हलला, एकही निरोप हरवला नाही.

९ फेब्रुवारी

अकरा उमेदवार. त्यातल्या नऊ जणांची पत्रं यंत्राकडून लिहून घेतलेली, डोळे मिटून सांगतो. एकाला कुरुवीची म्हणे लहानपणापासून ओढ आहे. एकाने कुरुवीला बँक समजून तिची भरभराट चिंतली आहे. दहाव्याने फक्त "हाय सर" लिहिलंय आणि गप्प बसलाय.

अकरावा मंजाडी. या धंद्यात खरं नाव सांगायची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. मंजाडी म्हणजे मल्याळीच असणार. पण त्यावरून काय कळणार? अर्ध्या केरळात घरोघरी त्या लाल बियांची वाटी असते. आमच्याही दिवाणखान्यात आहे, तंकमने शाळेच्या आवारातून वेचून आणलेली.

ओळ संपताना आपली जोडाक्षरं तुटतात, ही चूक कुरुवीत सहा वर्षं होती. मी तीनदा हात घातला, तीनदा सोडून दिली. या मंजाडीने दोन दिवसांत काढली. आणि सोबत समजावून सांगितलंय कसं? फळ्यावर गणित सोडवावं तसं, पायरीपायरीने, शेवटी पडताळा.

हमीदिक्का खूश. मी नाही. नवखा माणूस इतकं नेटकं काम करतो? मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असेच लोक शिरलेत. वर्ष दोन वर्षं गोड बोलून मदत करायची, थकलेल्या म्हाताऱ्याचा विश्वास कमवायचा आणि किल्ली हातात पडली की चोरदरवाजा बसवायचा. थकलेला म्हातारा इथे आयता बसलाय.

१७ फेब्रुवारी

आमचा नियम आहे, मीच केलेला. कोड बदलायची किल्ली मिळण्याआधी दोघांनी फोनवर बोलायचं. कुरुवी दोघांनाही साठ आकड्यांचा एकच क्रमांक दाखवते, तो पाच पाच आकडे करून आळीपाळीने मोठ्याने वाचायचा. जुळला तर मध्ये कोणी तिसरा बसलेला नाही आणि समोरचा तोच आहे, हे दोन्ही कळतं.

मंजाडीला बोलू या म्हटलं, तर उत्तर आलं, "घरात बोलायला मोकळीक नाही. थोडे दिवस द्या. आधी काम बघा."

झालं! शंकेला जागा होतीच, आता पाट मांडला. लिहितो तेही फक्त दुपारी दोन ते चार. आणि खाली एक ओळ, "काल फार वेळ बसलेले दिसता. कंबरेला उशी घ्या."

माझी कंबर! मी यादीत कंबरेबद्दल लिहिलेलं नाही, पत्रांत लिहिलेलं नाही. लगेच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

तंकम चहा घेऊन आली तर दारातच थबकली. "हे काय, कॅमेऱ्याला मार लागलाय का?"

"कोणीतरी बघतंय मला."

"तुम्हाला?" ती म्हणाली आणि हसली. "एवढं कोण रिकामं आहे?"

चहासोबत उशी पण आणली होती. तिला कसं सुचतं कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

आज मंजाडीचा कच्चा अर्ज आला. पहिलं काम करायची तयारी आहे, नीट आखणीही केलीय, चूक काढायला जागा नाही. पण सोबत एक काम जोडलंय, जे आमच्या यादीत नाही. त्यातला भाग इथे उतरवून ठेवतो, पुरावा म्हणून.

"कुरुवीत निरोप पाहिला की खूण उमटते. पाहिल्याची खूण उमटते, पण करणार कोण हे कळत नाही. एका रुग्णाकडे एकाच दिवशी तीन जण तेच औषध घेऊन गेले. दुसऱ्याकडे कोणीच गेलं नाही, कारण बाराही जणांनी पाहिलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल. एका बाईने एकदा विचारलं, उद्या तपासणी आहे, कोणी सोबत येईल का? पाच जणांनी पाहिलं. ती एकटी गेली, रिपोर्ट येईपर्यंत बाकावर एकटी बसली. यासाठी निरोपाखाली एक बटण हवं, 'हे माझ्याकडे'. ज्याने दाबलं त्याचं नाव सगळ्यांना दिसेल. मग बाकीच्यांनी निर्धास्त व्हायला हरकत नाही, आणि विचारणाऱ्यालाही कळेल की कोणीतरी आहे."

कल्पना चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. बाराही जणांनी पाहिलं, ती बाई बाकावर बसली, हे याला कळलं कुठून? हे सगळं कुलपातल्या ग्रुपमधलं आहे. म्हणजे कुलूप फुटलंय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा फुटलंय आणि फोडणारा मला अर्ज करतोय!

त्या बिचाऱ्या बाईचंही वाईट वाटलं. कुठली कोण. पाच जणांत एकालाही लाज वाटू नये?

५ मार्च

आठवडाभर कुलूप तपासलं. कुठे चीर नाही. हे जास्तच वाईट. चोर आला आणि कडी जागच्या जागी.

मग वाटलं, चोर जवळपासचाच असेल, आमच्याच वायफायवर बसलेला. कुंपणापलीकडे सुकुमारन राहतो, निवृत्त सब-इन्स्पेक्टर. दिवसभर व्हरांड्यात बसून फोनवर काय करतो? दुपारी पासवर्ड बदलला. नवा कोणालाच सांगितला नाही.

संध्याकाळी तंकम म्हणाली, "एट्टा, माझ्या फोनवर नेट येत नाहीये."

"थोडे दिवस राहू दे तसंच. तपास चालू आहे."

"कसला तपास?"

"तुला नाही कळायचं."

तिने भांडी जरा जोरात घासली.

८ मार्च

पासवर्ड बदलल्यापासून मंजाडी तीन दिवस गप्प! मी इतका खूश झालो की सुकुमारनकडे बघून मुद्दाम हात हलवला. त्यानेही हलवला. मुरलेला आहे.

आज दुपारी मंजाडी परत उगवला. "नेटची अडचण होती" म्हणे.

आणि मग मी ते केलं. लिहायला लाज वाटतेय, पण वहीशी तरी खोटं बोलू नये. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पाच मिनिटं बघितल्या, फक्त मंजाडीच्या, दुसऱ्या कोणाच्या नाही. तरीही उघडल्या त्या उघडल्याच.

आधीचे सगळे पत्ते आमच्याच वायफायचे. आजचा पत्ता वाचनालयाचा.

११ मार्च

बरोबर अडीचला वाचनालयात जाऊन धडकलो. समोर दोघे कॅरम खेळत होते. केशवन मास्तर पेपरात तोंड घालून बसलेले. आतल्या खोलीत महिलांची बैठक, तिघी जणी, तंकम त्यांत. समोर तिचा शाळेतला जुना लॅपटॉप, हिशेबठिशेब लिहायला असावा. मला बघून तिने तो पटकन मिटला.

तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इथे दुपारचं कोणी संशयास्पद येऊन बसतं का?"

"इथे सगळेच संशयास्पद आहेत," ती म्हणाली. "मास्तर तर शब्दकोडं फाडून घरी नेतात. का हो?"

"एक तरुण मुलगा. हुशार. इंजिनियरिंगचा वगैरे. कोपऱ्यात बसून टाईप करणारा."

बाकीच्या दोघी खाली बघून हसायला लागल्या. बायकांचं कशावरून काय हसू फुटेल सांगता येत नाही.

"तरुण, हुशार मुलगा," तंकम म्हणाली. "नाही बाई, तसा कोणी येत नाही. आला तर सांगेन."

तासभर दबा धरून बसलो. कोणी आलं नाही. उलट त्या तासात मंजाडीचंही एक अक्षर आलं नाही. म्हणजे मला बघून पळाला. मला ओळखतो तो!

१६ मार्च

हमीदिक्कांकडे रोजा सोडायला आम्हा दोघांना बोलावणं होतं. मी सगळा पुरावा मांडला. कंबर, वायफाय, कुलपातली माहिती, वाचनालय. तंकम शेजारीच बसून केळ्याच्या गोड उन्नक्काया खात होती. माझं सांगणं चाललेलं असताना हमीदिक्कांना एकदम ठसका लागला, रुमालात तोंड घालून हलत राहिले. तंकमने पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "थांब. वाचनालयाचा पत्ता तुला कसा कळला?"

मी एक उन्नक्काया उचलली.

"दिवाकरा, नोंदी उघडल्यास?"

"एकदाच. फक्त त्याच्या."

"चारशे लोकांना आपण शब्द दिलाय. माझंही नाव आहे त्या शब्दाखाली." ते चिडले की आवाज खाली जातो. "तू कोणीतरी चोर येईल म्हणून पंधरा वर्षं जागतोयस. आणि पहिला आत शिरलास तूच."

तंकमने खाणं थांबवलं होतं. माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिच्यादेखत मला बोलणी बसली म्हणून तिला वाईट वाटलं.

२० मार्च

न राहवून आज सगळ्यांना जाणाऱ्या पत्रात लिहिलं की मंजाडी या उमेदवारावर माझा विश्वास नाही, त्याला खासगी माहिती कुठून मिळते हे संशयास्पद आहे, सर्वांनी सावध राहावं. उघड लिहिलं. आमच्यात सगळं उघड्यावरच बोलायचं असतं, जगात कोणीही वाचू शकतं.

तासाभरात त्याच पत्राखाली उत्तर.

"मी कोण हे आपण सहा वेळा विचारलंत. पाठवलेला कोड किती वेळा उघडलात? बाकी, ज्याच्या घरातली गोष्ट असते त्याला ती माहीत असते. त्यासाठी कुलूप फोडावं लागत नाही."

उर्मट! पण कोड मी खरंच पहिल्या दुरुस्तीनंतर उघडला नव्हता. माणूसच खोटा असेल तर कोड कशाला वाचायचा, असं वाटत होतं. मग उघडला. वाचत गेलो तो जेवायचं विसरलो. जिथे मी पंधरा वर्षांपूर्वी कसाबसा जुगाड करून ठेवलाय, तिथे तिथे शेजारी टीप आहे, "हे त्या वेळच्या फोनसाठी असं केलं असावं, म्हणून हळूच बदललंय." माझा जुगाड इतक्या आदराने कोणी उपटला नसता.

लबाड माणूस असं लिहितो का? लिहीतही असेल. जमलेला लबाड असाच लिहील. मला काही कळेनासं झालंय.

२ एप्रिल

ईद झाली. हमीदिक्का आज ठाण मांडूनच बसले. अर्जाची मुदत आठ तारखेपर्यंत. बाकी दहांपैकी कोणी उरलेला नाही, "हाय सर"सुद्धा गेला. मंजाडी नाही तर कोणी नाही, आणि कोणी नाही तर सप्टेंबरात कुरुवी बंद. चारशे माणसं कुठल्यातरी कंपनीच्या दारात जातील, आणि पोटाच्या कॅन्सरचा निरोप दिला की वर जाहिरात झळकेल.

"तुझाच नियम आहे ना? फोनवर आकडे वाचायचे. वाचून घे, आणि मिटवून टाक," ते म्हणाले.

मंजाडीला शेवटचं लिहिलं. शनिवारी चार वाजता, नाहीतर राम राम.

लगेच उत्तर आलं. "ठीक आहे. चार वाजता."

इतक्या सहज हो म्हणाला याचाच जास्त संशय येतोय.

५ एप्रिल

आज नेमका हरताळ. रस्त्यावर कुत्रं नाही. दुकानं बंद, बस बंद, वाचनालयालाही कुलूप. म्हणून तंकम घरीच होती. दुपारी जेवून मी माडीवर गेलो, दार लावून घेतलं, कानात इयरफोनची बोंडं घातली, वही-पेन्सिल समोर. आवाजावरून वय, गाव, मागे कोण कुजबुजतंय, सगळं टिपायचं ठरवलं होतं. एक्स्चेंजमधला माणूस आहे मी, लाईनवरचा श्वास ओळखतो.

बरोबर चारला कुरुवी वाजली. उचलली. पलीकडे नुसती शांतता. पाठीमागे कावळा ओरडला.

"कोण बोलतंय?" मी दरडावून विचारलं.

"आकडे वाचते," आवाज आला. बाईचा होता. "शून्य चार सात दोन नऊ."

पण तो आवाज कानात यायच्या आधी खिडकीतून आला. आधी खिडकीतून, मग अर्ध्या क्षणाने कानात. नेटवरून आवाज पोचायला तेवढा वेळ लागतोच. मी बोंडं काढली. "आठ आठ एक तीन शून्य," खिडकीतून आलं, मागच्या अंगणातून. तो आवाज मी तेहेतीस वर्षं ऐकतोय. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आकडा आकडा सुटा.

खरं सांगतो, पहिला विचार काय आला? की चोराने हिलाही फितवलं. इतका मी गेलेलो आहे.

फोन घेऊन जिना उतरलो, मागच्या दारात आलो. तंकम धुण्याच्या दगडावर बसली होती, मांडीवर तो शाळेचा लॅपटॉप, फोन कानाला. लॅपटॉपच्या झाकणावर मुलांनी कधीतरी चिकटवलेली एक मंजाडीची बी. ती बी मी रोज बघत असणार.

तिने मान वर केली. फोन कानावरून काढला नाही.

"पुढचे पाच तुमचे आहेत, एट्टा," ती म्हणाली. "वाचा."

मी वाचले. मग तिने वाचले. मग मी. साठच्या साठ आकडे, चार हातांच्या अंतरावर उभं राहून, फोनवरून. सगळे जुळले.

६ एप्रिल

आज सकाळी ती न्याहारीला पुट्टू वाढत असताना मीच विषय काढला.

"नाव का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कोड उघडला असतात? मासे करपतायत म्हणाला असतात."

"ते खरंच करपत होते."

"होते," ती म्हणाली. "एट्टा, परदेशातल्या कोण कुठल्या पोराला तुम्ही दोन दोन पानं उत्तर लिहिता. 'तुझा प्रश्न चांगला आहे' असं लिहिता. ती पत्रं उघड्यावरच असतात, मी वाचलीयत. म्हटलं, आपणही परकं होऊन बघावं."

"आणि मी शिव्या घातल्या."

"जगासमोर घातल्यात. हमीदिक्का म्हणाले, आता तरी सांगून टाक. मी म्हटलं, नाही, कोड वाचेपर्यंत नाही." कपात चहा ओतला. मग म्हणाली, "शिव्यांचं काही नाही. नोंदी उघडल्यात त्याचा राग आला. म्हणून अर्जात आणखी एक काम घातलंय. यापुढे सांभाळणाऱ्यालाही नोंदी उघडता येणार नाहीत."

मी मान हलवली. याहून जास्त काय करणार होतो?

"बरोबर केलंस. आणि ती बाई कोण गं? तपासणीला एकटी गेलेली? तुमच्या ग्रुपमधली कोणी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ताटं उचलून आत गेली.

मी माडीवर आलो आणि ही वही चाळली. तीस जानेवारी. स्वतःच्या हाताने लिहिलंय, देवाची कृपा, सर्व्हर एका दमात हलला.

मग घरचा ग्रुप उघडला. मी, ती, मस्कतची लेक आणि जावई, तिचा भाऊ आणि भावजय. सव्वा वर्ष मागे गेलो. "उद्या साडेनऊला तपासणी आहे. कोणी येईल का सोबत?" खाली पाच खुणा. सगळ्यात पहिली माझी, निरोप आल्यापासून एका मिनिटात. त्याखाली काही नाही. त्यानंतरचा निरोप तीन दिवसांनी, तिचाच. "काही निघालं नाही." त्यावर सगळ्यांचे अंगठे.

पाच जणांत एकालाही लाज वाटू नये, असं मी लिहून बसलोय. तीन दिवस ती रोज माझ्यासमोर जेवायला वाढत होती. मी एकदाही विचारलं नाही. वाटलं असेल की भाऊ गेला असेल. नाही, तेही खोटं. मला काहीच वाटलं नव्हतं. मी पाहिलं आणि पुढे गेलो.

आज फार रडायला आलं. खाली ऐकू जाऊ नये म्हणून पंखा मोठा केला.

८ एप्रिल

मंजाडीचा अर्ज दुपारी गेला. नाव, श्रीमती तंकमणी, निवृत्त शिक्षिका, वय सत्तावन्न. उमेदवार माझी बायको आहे हे मी संस्थेला कळवलं, त्यामुळे निवड आणि देखरेख दोन्ही हमीदिक्कांकडे, मी बाजूला. सगळ्यांना जाणाऱ्या पत्रातही लिहिलं, वीस मार्चचं माझं पत्र चुकीचं होतं, उमेदवाराची आणि चारशे जणांची माफी, नोंदी मी उघडल्या होत्या. लिहायला तीन तास लागले. पाच स्वयंसेवकांनी लगेच जाब विचारलाय आणि ते बरोबर आहे. सुकुमारनचीही माफी मागायला गेलो, तर त्याला कशाबद्दल तेच कळेना.

चारच्या सुमाराला घरच्या ग्रुपमध्ये तंकमचा निरोप आला. ती खाली स्वयंपाकघरातच होती.

"उद्या साडेनऊला वर्षाची फेरतपासणी आहे. कोणी येईल का सोबत? [हे माझ्याकडे]"

मी लगेच दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. अंगठा, तर्जनी, सगळं करून पाहिलं. माझं नाव काही उमटेना. तेवढ्यात लेकीची पाहिल्याची खूण आली, भावाची आली. फोन घेऊन जिना उतरलो, दोन पायऱ्या चुकवल्या, कंबरेत कळ आली.

तंकम नारळ खोवत होती.

"उद्या मी येतोय," मी म्हणालो.

"ते बटण दाबायचं असतं."

"दाबलं. दहा वेळा दाबलं. चालत नाही. तुझ्या कोडात चूक आहे."

तिने हात पुसले, माझा फोन घेतला, लांब धरून बघितला.

"ही जुनी कुरुवी आहे," ती म्हणाली. "यात बटण नाहीच, नुसती अक्षरं दिसतात. चाचणीची नवी मी महिन्यापूर्वी पाठवलीय. घरच्या सगळ्यांनी घेतली, हमीदिक्कांनी घेतली. तुम्हीच घेतली नाहीत. विश्वास नव्हता ना?"

"मग तोंडाने सांगितलेलं चालेल का?"

ती परत खोवणीवर बसली.

"पावणेनऊची बस आहे," ती म्हणाली. "आणि शर्टाला इस्त्री तुमची तुम्ही करा."

इस्त्री तापत ठेवलीय.